आशेर वंशाचे झिराडकर

एझ्रा काका झिराडकर माणसाला आधी वंश द्यायचे आणि मग खुर्ची.

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी राहायला आलो तो दोन्ही हातांत सूटकेसी आणि काखेत प्रेशर कुकर अशा थाटात. लिफ्टमध्ये पांढरा कोट घातलेले, टकलावर छोटी गोल टोपी असलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी कुकरकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "मुंबई की पुणे?"

"ठाणे."

"कॉम्प्युटर?"

"हो."

"व्हिसावर?"

"हो."

"मग इस्साखार."

"नाही, मी लिमये."

"आडनाव तुझ्यापाशी ठेव रे. मी तुझा वंश सांगतोय. इस्साखार म्हणजे दोन ओझ्यांच्या मधे बसलेलं दणकट गाढव. याकोबाने मरताना पोटच्या मुलाला असं म्हटलंय. तू तर परका, तू कशाला रागावतोस?"

मी रागावलो होतोच. पण दोन्ही हातांत ओझी असल्यामुळे मुद्दा खोडून काढायची सोय नव्हती.

याकोबाला बारा मुलगे. त्यांचे बारा वंश, प्रत्येकाला बापाचा एकेक आशीर्वाद आणि जमिनीचा एकेक वाटा. एवढं ज्ञान मला पहिल्याच आठवड्यात झालं, कारण काका माझ्या घराच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत आणि मी एकटा जेवतो हे त्यांना बघवत नसे. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते लोकांचं रक्त काढायचे. सुई टोचण्याआधी पेशंटला बोलण्यात गुंतवावं लागतं, म्हणून ते तिथेही वंश वाटायचे. दंडाला रबर बांधलेला माणूस सहसा वाद घालत नाही. अंगापिंडाने दांडगे ट्रक ड्रायव्हर यहूदा, म्हणजे सिंह. वकील सगळे बन्यामीन, म्हणजे लांडगे. हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर दान, म्हणजे वाटेवरचा साप. आमच्या मजल्यावरचा नागपूरचा मेश्राम पीएच.डी. करत होता आणि सारखा विषय बदलत होता. त्याला रऊबेन मिळाला, पाण्यासारखा चंचल.

"काका, रक्तात दिसते का हो वंश?" मेश्रामने एकदा विचारलं.

"रक्तात काय दिसणार? साखर दिसते," काका म्हणाले.

या बारांपैकी दहा वंश फार जुन्या काळी एका पराभवानंतर परागंदा झाले आणि पुढे त्यांचं काय झालं हे जगाला ठाऊक नाही. काकांना ठाऊक होतं. निदान एकाचं तरी. तो अलिबागजवळ उतरला होता.

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, तिथेच राहिले, मराठी बोलू लागले, गावांवरून आडनावं घेऊ लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी धर्माने काम बंद, म्हणून घाणा बंद. आजूबाजूचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. इथवर सगळं त्यांच्या समाजात प्रत्येकाला ठाऊक असलेलं. पण हे जहाज नेमक्या कुठल्या वंशाचं, हा शोध एकट्या काकांचा.

"आशेर! पुरावा आहे माझ्याकडे," असं म्हणून ते टेबलावर बोटाने नकाशा काढायचे. "आशेरच्या वाट्याला काय आलं? समुद्रकिनारा. आम्ही कुठे? समुद्रकिनाऱ्यावर. आशेरला आशीर्वाद काय? तो तेलात पाय बुडवील. आम्ही काय केलं? तेल काढलं! बाकीचे वंश लढाईला गेले तेव्हा आशेर काय करत होता? आपल्या बंदरात बसून होता. आता माझ्या खानदानाकडे बघ. चुलत्यांपासून मामांपर्यंत एक तरी माणूस कधी कुठल्या लढाईला गेलाय?"

"तेल तर आमच्याकडे पण काढतात, काका," मेश्राम म्हणायचा.

"शनिवारी बंद ठेवून?"

शनिवार हा काकांचा हुकमाचा पत्ता होता.

माझ्यासाठी त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा होता. चित्पावनांच्याही मूळपुरुषांची किनाऱ्याला वाहत आल्याची कथा आहे. काकांचं म्हणणं, बोट एकच होती. "आम्ही तिकीट काढून बसलो होतो. तुम्ही कसे बसलात ते तुम्हालाच ठाऊक," असं ते चारचौघांत सांगायचे आणि माझ्या पानात आणखी एक मासा वाढायचे.

त्यांच्या स्वयंपाकघरात खोबरेल, तीळ, शेंगदाणा, करडई, ऑलिव्ह अशा तेलांच्या बाटल्या होत्या आणि ऑम्लेटलासुद्धा कुठलं तेल वापरायचं यावर विचारविनिमय व्हायचा. शुक्रवारी संध्याकाळी ते काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावत. बायको कॅन्सरने गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. तेव्हापासून दिवा तेच लावत.

मुलीचं नाव सेरा. हेही उगाच नव्हे. आशेरच्या वंशावळीत पुरुषांच्या नावांची गर्दी, त्यात एकच मुलगी, आशेरची सेरा. मेला असं समजलेला त्यांचा मुलगा योसेफ जिवंत आहे ही बातमी तिने म्हाताऱ्या आजोबांना, याकोबाला, गाण्यातून सांगितली, एकदम सांगितली असती तर त्यांचं काळीज बंद पडलं असतं म्हणून. अशी त्यांच्यात कथा आहे. "वारसा मुलीकडे. जमीन गेली, जहाज गेलं, घाणा गेला. उरली ही," काका सांगायचे.

"पप्पा, प्लीज. नॉट अगेन," उरलेली म्हणायची. ती मॅनहॅटनमध्ये एका बँकेत होती, पाथ ट्रेनने जायची-यायची. बापासारखीच ठेंगणी, बापासारखीच हट्टी, पण मराठीत बोलायला लागली की अर्ध्या वाक्यात इंग्रजीत उडी मारायची. रोजच्या जेवणात बापाचं आशेरपुराण ऐकून ऐकून ती वैतागलेली असे. आणि बाहेरच्या कुणी ते हसण्यावारी नेलं तर त्याची खैर नसे.

हसण्यावारी नेणारे पुष्कळ होते. काका जवळच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात जायचे. तिथली माणसं भली. पण दर वेळी कुणीतरी नवीन माणूस यायचा, काकांच्या सावळ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि प्रेमाने विचारायचा, तुम्ही धर्म कधी स्वीकारलात? काका म्हणायचे, "तुमच्या आजोबांच्या गावात सिनेगॉग बांधायच्या आधी." माणूस हसायचा. काका हसायचे नाहीत. घरी आल्यावर जिना चढून माझ्या दारावर थाप मारायचे, कारण असल्या दिवशी लिफ्टसाठी थांबायचा धीर त्यांच्यात नसे.

अशात सेराने जोनाथनला घरी आणलं. लाँग आयलंडचा, दातांचा डॉक्टर, पोरगा इतका सरळ की काकांनी वंश विचारायच्या आधीच त्याने "आय डोंट नो, सर" म्हणून कबुली दिली. काकांनी त्याला नफताली दिला, मोकळं सुटलेलं हरिण. सून किंवा जावई परधर्माचा येणार या काळजीने अमेरिकेतला एकेक बाप झिजत असताना यांना यहुदी जावई मिळाला. काका आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग जोनाथनच्या घरच्या धर्मगुरूंचा निरोप आला. लग्न ते लावणार होते. मुलीबद्दल काही म्हणणं नाही, पण तिच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या लग्नाचे धार्मिक दाखले असतील तर बरं. नसतील तर शंकेला जागा नको म्हणून तिने एक छोटा विधी करावा. तीन माणसांपुढे धर्म स्वीकारल्याचं सांगायचं, कुंडात बुडी मारायची. केवळ औपचारिकता.

काकांना धर्मगुरूंकडे मीच गाडीतून घेऊन गेलो. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन बाटल्या. एक ऑलिव्ह, एक खोबरेल. धर्मगुरू तरुण होते, अतिशय सभ्य. काकांनी त्यांच्या टेबलावर बाटल्या ठेवल्या, बोटाने किनारा काढला, घाणा, शनिवार, आशीर्वाद, सगळं सांगितलं. मी इतक्या वेळा ऐकलेलं, पण त्या दिवशी मलाही रोमांच आले.

"ही फार सुंदर गोष्ट आहे, मिस्टर झिराडकर," धर्मगुरू म्हणाले.

"गोष्ट नाही. पुरावा आहे."

"एखादा कागद असता तर…"

"जहाज फुटलं हो आमचं! पोहत किनाऱ्याला लागताना दाखले दातांत धरून आणायचे होते का?"

धर्मगुरूंनी मान खाली घातली. त्या माणसाला खरंच वाईट वाटत होतं. नियम मात्र त्यांच्या हातात नव्हता. खोबरेल तेलाची बाटली त्यांनी भेट समजून ठेवून घेतली.

त्या रविवारी मेश्राम आणि मी काकांकडे बसलो होतो. मेश्राम म्हणाला, "काका, माझ्या आजोबांनी एका दिवसात धर्म बदलला. घरात अजून त्याचा सण असते. बदलण्यात अपमान काऊन वाटून घेता?"

"तुझ्या आजोबांनी नको होतं ते टाकलं आणि हवं होतं ते घेतलं," काका म्हणाले. "मला माझ्याच घराची बेल वाजवून आत येऊ का विचारायला सांगतायत. आणि ऐक. जो नव्याने धर्मात येतो तो नव्याने जन्मला असं धरतात. त्याच्या बापाचं नाव अब्राहाम. लग्नाचा करार मांडवात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचतात. त्यात सेरा, अब्राहामची मुलगी, असं वाचतील."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी मांडवात उभा असेन," काका म्हणाले.

 

निकाल सेरानेच लावला. तिने जोनाथनला सांगितलं, "आय नो हू आय ॲम. मी बुडी मारणार नाही. वेडिंग इज ऑफ." काकांनी हे मला जिन्यात सांगितलं तेव्हा त्यांची छाती फुगली होती. "आशेरची पोरगी!" म्हणाले. मलाही वाटलं, शाबास.

दोन-तीन आठवड्यांनी छाती उतरली. सेरा बँकेतून यायची, जेवायची, खोलीत जायची. फोनची वायर तिने भिंतीतून काढून ठेवली होती. जोनाथन खाली रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहायचा आणि काका खिडकीतून त्याच्याकडे बघत राहायचे. "पोरगं जेवत असेल की नाही रे?" त्यांनी मला विचारलं. एकदा डब्यात भात-कालवण घेऊन खालीही गेले. त्या काळात त्यांनी कुणाला वंश दिलेला मला आठवत नाही.

आणि एके दिवशी एकदम लग्न ठरलं. विधीसकट. सेरा कुंडात बुडी मारून आली, गाडी काकांनीच चालवली.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"मुली ऐकतात का आजकाल?" एवढंच बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

मला सेराचा राग आला. खरं सांगायचं तर भयंकर राग आला. बापाचं नाव एका डॉक्टरसाठी विकलं, असंच मी मेश्रामला म्हणालो. मेश्राम म्हणाला, "तुमचा बाप आहे का तो?"

लग्नाच्या आधी घरी मलिदा झाला. मलिदा म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करायचा नैवेद्य, गोड कालवलेले पोहे, त्यात खोबरं, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळं. बिल्डिंगमधली सगळी मराठी मंडळी होती. सेराच्या हाताला मेंदी. दर मलिद्याला काका झांजा घेऊन उभे राहत आणि आशेरच्या जहाजाचं स्वतः रचलेलं कीर्तन करत. साकी, दिंडी, मधेच एक इंग्रजी विनोद, असं ते चालायचं. त्या दिवशी झांजा फडताळातच होत्या.

"काका, कीर्तन?" कुणीतरी म्हणालं.

"घसा बसलाय," काका म्हणाले. आणि त्याच घशाने त्यांनी शेजारच्या मुलाला फळं सांडली म्हणून खणखणीत दम दिला.

लग्नाला सेराने मला वडिलांशेजारी उभं केलं. "लिमये, पप्पा आरग्यू करायला लागले तर हात धरा, प्लीज." मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही.

मांडव म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं पांढरं वस्त्र. धर्मगुरू करार वाचू लागले. भाषा मला कळत नव्हती, पण नावं कळत होती. जोनाथनचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव. ते ऐकताना जोनाथनच्या वडिलांनी नकळत टाय सारखा केला. मग सेराचं नाव आलं. आणि त्याच्यामागे, अब्राहाम.

मी काकांचा दंड धरला. दंडात जोर असा नव्हताच. काका पुढे वाकून, कानामागे हात धरून, नाव नीट उच्चारलं की नाही हे ऐकावं तसं ऐकत होते. वाचन संपलं आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ते म्हणाले, "आमेन!"

जेवणाच्या वेळी सेरा माझ्यापाशी आली. मी पाणी पीत राहिलो.

"तुम्ही रागावलात ना? मला माहितीये," ती म्हणाली. "पण मी करणारच नव्हते. आय स्वेअर. पप्पांनीच सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"की ते सगळं मेड अप होतं. आशेर वगैरे. त्यांनी मला बसवून इतकं नीट एक्सप्लेन केलं, एकेक पॉइंट. म्हणाले, आपण कदाचित साधे तेली असू. खरंच शंका आहे, तर बुडी मारून ये आणि मोकळी हो, तुझ्या पोरांना कुणी विचारायला नको." तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर सुटका होती. "इट मस्ट हॅव बीन सो हार्ड, ॲडमिट करणं. पण थँक गॉड केलं. नाहीतर मी कधीच गेले नसते."

जोनाथनने हाक मारली, ती नाचायला गेली. सगळे जण काकांना खुर्चीत बसवून खुर्ची वर उचलत होते आणि काका दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरून हसत होते.

परतताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. उन्हं कलली होती. काका शेजारच्या सीटवर, टाय खिशात कोंबलेला.

"सेराने सांगितलं मला," मी म्हणालो. "खोटं बोललात तिच्याशी."

"हं."

"कमाल आहे तुमची, काका."

"कसली कमाल? ती हट्टाने बसली होती, बापाच्या शब्दासाठी. तिला वाटायचं, बुडी मारली तर पप्पा खोटे ठरतील. म्हटलं, मग आधीच खोटे ठरू. सोपं आहे." त्यांनी काच खाली केली, परत वर केली. "तिच्यासमोर बसलो. म्हटलं, बेटा, तेल कोण काढत नाही? किनाऱ्यावर कोळीही राहतात, ते काय आशेर? जहाज प्रत्येकाच्याच गोष्टीत फुटतं, लिमयांच्यासुद्धा. कुणा कोकणातल्या तेल्याला स्वतःची जात खुपत असेल, त्याने रचली असेल कथा. ती म्हणाली, पण पप्पा हे, पण पप्पा ते. मी सगळं खोडलं. तुला माहीत आहे, मी वादात हरत नाही."

"तेच म्हणतो मी. नाटक छान वठवलंत."



"सुरुवात केली तेव्हा नाटक होतं," काका म्हणाले. "इतकी वर्षं मी एकाच बाजूने बोलत आलो रे. दुसऱ्या बाजूने कधी बोलून पाहिलंच नव्हतं. बोललो, आणि एकेक मुद्दा असा घट्ट बसत गेला की माझा मीच घाबरलो. थांबता येईना. थांबलो असतो तर तिला कळलं असतं. तिला पटलं. आणि मलाही पटलं."

"काहीतरीच काय, काका!"

"अब्राहाम ऐकलं ना आज मांडवात, तेव्हा वाटलं, बरं झालं. एझ्राचं काय, एझ्रा कोण कुठला हे एझ्रालाच माहीत नाही. अब्राहाम तरी पक्का आहे." ते हसायला गेले, जमलं नाही. "पूर्वी जेवताना ती वैतागायची, मी पटवायचो. आता मला कुणीतरी पटवायला हवं. आणि घरी कुणी नाही."

मला यहुद्यांचं काही कळत नाही, वंशांचं तर त्याहून नाही. तरी मी स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच आवेशाने म्हणालो, "आणि शनिवार? सबंध कोकणात एकच तेली शनिवारी घाणा बंद ठेवतो, त्याला काय उत्तर आहे? सांगा ना!"

"त्यालाही उत्तर आहे," काका शांतपणे म्हणाले. "तिला दिलं मी ते. शेवटचं तेच दिलं."

"काय?"

पुढची गाडी हलली. मागच्याने हॉर्न वाजवला. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला अजून पटतंय ना, लिमये? मग ते तुला नाही सांगणार. कुणाला तरी पटलेलं असू दे."